निमोण्याचा तिसरा घाणा

१

बरणीचं झाकण निघालं आणि सुलक्षणाचा हात जागच्या जागी थांबला.

मलमावर बुरशी धरली होती. कडेला पांढरी, मध्ये हिरवट, शिळ्या भाकरीवर धरते तशी. तिनं दुसरी बरणी उघडली, मग तिसरी. तिसऱ्या बॅचच्या सगळ्या बरण्यांची तीच गत होती. त्याच उबदार कपाटात, त्याच फळीवर पहिल्या आणि दुसऱ्या बॅचच्या बरण्या होत्या. त्यांतलं मलम मात्र आजच ओतल्यासारखं स्वच्छ आणि पिवळंधमक.

दौंडला रेल्वेलाइनच्या पलीकडे दोन खोल्यांत सुलक्षणाची औषधं तपासायची प्रयोगशाळा होती आणि वरच्या मजल्यावर तिचं घर. दिवसभर ती लोकांनी पाठवलेली तेलं, चूर्णं, काढे तपासायची आणि संध्याकाळी जिना चढून वर जायची. आई गेल्यापासून वर एकाच माणसाचा स्वयंपाक होत होता. कधी कधी सबंध दिवस तोंडातून शब्द निघाला नाही हे तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात यायचं.

हे मलम निमोण्याच्या हौसरावांचं. हौसरावांचं घराणं मेंढरं राखणारं. खुरांना जखमा झाल्या की त्यांचे वाडवडील करंजाच्या तेलात कडुनिंबाचा पाला आणि हळद तळून, त्यात राळ आणि मेण विरघळवून मलम करायचे. पुढं तेच मलम माणसांच्या टाचांच्या भेगांना आणि चिखल्यांना लागू पडतं म्हणून पंचक्रोशीतले लोक मागायला येऊ लागले. शिरूरच्या बापूसाहेबांनी ते कारखान्यात करून विकायचं ठरवलं. पण त्याआधी हौसरावांच्या हातच्या सलग तीन बॅच तपासणीत उतरायला हव्या होत्या. तेच मलम दर वेळी तसंच होतं, टिकतं, हे ठरल्याशिवाय कारखान्यात कढई चढवता येणार नव्हती. दोन बॅच उतरल्या होत्या. तिसरी ही.

सुलक्षणानं खुर्ची ओढली आणि बरणीकडं बघत बसली. तेल, राळ, मेण. यात बुरशीनं जगावं कशावर? पाण्याशिवाय बुरशी धरत नाही, आणि पाल्यातलं सगळं पाणी तर तळतानाच उडून जातं.

तिनं बुरशी बाजूला सारून आतलं थोडं मलम कापसाच्या वातीला चोपडलं आणि वात पेटवली. जुन्या वैद्यांची ही परीक्षा. चांगलं मलम मुकाट्यानं जळतं.

वात तडतडू लागली. फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तशी.

तिनं बरणीच्या तळातलं मलम घेतलं. तेही तडतडलं. मधलं घेतलं, तेही.

कुणीतरी या मलमात पाणी घातलं होतं. नुसतं ओतलं नव्हतं, वरपासून तळापर्यंत मिसळलं होतं.

२

"मॅडम, चोर घरातलाच हाय," बापूसाहेब म्हणाले. शिरूरच्या त्यांच्या कारखान्यात स्टीलच्या नव्या टाक्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या तशाच उभ्या होत्या. "मोनिकानं घात केला. शिक्रापूरच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आलीय ती. मलम शिकायचं आपल्याकडं, हितं ते नापास करायचं, आन् तिकडं जाऊन काढायचं. साधं गणित हाय."

"बघितलंय का कुणी तिला काही करताना?"

"बरण्यांवर सील कुणाचं? सही कुणाची? तिचीच ना! ह्या आठवड्यात काढतो तिला. आन् नुसता काढत न्हाई. ह्या पट्ट्यातल्या समद्या कंपन्यांना सांगतो, ही पोरगी माल बिघडवती म्हणून."

बापूसाहेब मनानं वाईट नव्हते. पण रिकाम्या टाक्यांकडं रोज बघून माणसाचा धीर सुटतो, तसं त्यांचं झालं होतं. सुलक्षणा म्हणाली, "माझा रिपोर्ट अजून दिलेला नाही. तो येईपर्यंत तिला काही बोलू नका."

मोनिका मागच्या खोलीत बाटल्या धूत होती. बी.एस्सी. झालेली, शिक्रापुरात कंपनीच्या कामगारांच्या चाळीत एक खोली घेऊन एकटी राहणारी मुलगी. हौसरावांचं मलम शिकून घ्यायचं काम तिच्याकडं होतं. तिनं हात पुसले नाहीत. तशाच ओल्या हातांनी उभी राहिली.

"दिली मुलाखत," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? रोज ट्रकांच्या रांगेतनं जायचं-यायचं, जीव नकोसा होतो. पण मलम न्यायचं असतं तर बिघडवलं कशाला असतं मॅडम? पास झालेलं मलम नेलं असतं ना."

हे उत्तर सुलक्षणाच्या मनात राहिलं.

"त्या दिवशी काय काय झालं ते सांग."

"नेहमीसारखंच. हौसराव आबांनी पाला तळला, मी थर्मामीटर धरला. गाळलं, राळ-मेण घातलं, बरण्यांत ओतलं. गोठायला रात्र लागती, म्हणून फडकं झाकून आबांच्या घरात ठेवलं आन् मी संध्याकाळच्या एसटीनं आले. सकाळी रोहिदासभाऊंच्या गाडीतनं परत गेले, झाकणं लावली, सील केलं. बस."

"सकाळी काही वेगळं दिसलं?"

मोनिकानं दाराकडं एक नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "सांगू का? खोटं वाटंल तुम्हाला. ओतलेलं मलम गोठलं की वरनं आरशावानी दिसतं. त्या सकाळी तसं नव्हतं. खडबडीत होतं. मला वाटलं थंडीनं झालं असंल. तवाच बोलायला पायजे होतं. आता बोलले तर सायेब म्हणतील, अंगाशी आल्यावर सुचतंय."

तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते सांडू दिले नाहीत. "मॅडम, माझं नाव एकदा खराब झालं ना, तर मला कुठंच काम मिळणार न्हाई. घरी परत जावं लागंल. आन् घरी माझी वाट कुणी बघत न्हाई."

सुलक्षणानं पिशवीतून आणलेली एक बरणी काढून उजेडात धरली. काचेला टेकलेल्या मलमात ठिकठिकाणी पोकळ्या होत्या. ओतलेल्या मलमात अशा पोकळ्या राहत नाहीत. हे मलम हातानं दाबून भरलेलं होतं.

मोनिका खरं बोलत होती. निदान एवढं तरी.

३

कारखान्याच्या आवारात रोहिदास गाडी धूत होता. निमोण्याहून बरण्या दौंडला पोचवायचं काम त्याचं. सुलक्षणानं त्या दिवसाबद्दल विचारलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

त्याला कळलं की आपण उगाच बोललो. पाण्याचा पाइप खाली टाकून तो म्हणाला, "त्या दिवशी मी सरळ दौंडला आलो न्हाई. शिक्रापूरला एकाचं सामान टाकायचं होतं. वरचं भाडं. गाडी भर उन्हात उभी व्हती दुपारपोत्तर. आता तुम्ही म्हणनार, त्याच्यानंच मलम नासलं."

सुलक्षणानं मान हलवली. "उन्हानं मलम वितळतं, तेल सुटतं. पाणी कुठून येणार? आणि सील उघडून कुणी पाणी ओतलं असतं, तर ते वर तरंगलं असतं किंवा तळाशी बसलं असतं. एकजीव झालं नसतं. तुमच्या गाडीत हे झालेलं नाही."

रोहिदासनं एवढा मोठा श्वास सोडला की तिला हसू आलं.

"सकाळी मोनिका सील करत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"दारातच उभा. आबांनी चा दिला, तो निवायच्या आत तिचं झालं बी. झाकण लावायचं, पट्टी चिकटवायची, सही करायची. मलमाला हात सुदिक लावला न्हाई तिनं."

"नक्की?"

"आईच्यान. मी बघतच व्हतो की." मग तो जरा घुटमळला. "त्या दिवशी आबाच कायतरी येगळे वाटले मला. एरवी गाडीचा आवाज आला की फाटकापोत्तर येतात. त्या दिवशी घरातनं भायेर आलेच न्हाईत. चा बी आतनंच दिला."

सुलक्षणानं मनात हिशेब मांडला. संध्याकाळी मोनिका निघून गेली होती. सकाळी रोहिदासच्या डोळ्यांसमोर झाकणं लागली. उरली ती रात्र, आणि रात्री बरण्या ज्या घरात होत्या ते घर. पण मलम ज्याच्या नावाचं, खोक्यावर ज्याचा फोटो छापायचा होता, तो माणूस स्वतःचं मलम कशाला नासवेल?

तिनं तो विचार मनातून झटकून टाकायचा प्रयत्न केला. तो गेला नाही.

४

न्हावऱ्यावरून निमोण्याचा रस्ता कांद्याच्या वाफ्यांमधून जातो. दुपारचं ऊन सौम्य होतं. हौसरावांचं घर गावापासून थोडं अलीकडं, एकटंच. वाटेवर त्यांच्या शेजारीण म्हणायच्या त्या गिताबाईंचं शेत लागलं. गिताबाई बांधावर पाय पसरून बसल्या होत्या आणि टाचांना काहीतरी चोळत होत्या.

"आबांचं मलम का?" सुलक्षणानं विचारलं.

"व्हय. औंदाचं ताजं हाय. त्या पोरीसंगं केलं न्हवं गेल्या म्हयन्यात, त्यातलंच उरलेलं दिलं मला. बघा की, टाच कशी झाली. गेल्या थंडीत भेगेत रुपाया मावायचा."

सुलक्षणानं त्यांच्या डबीतलं थोडं मलम मागून घेतलं, रुमालाच्या चिंधीला लावलं आणि काडी ओढली. चिंधी मुकाट्यानं जळून गेली.

म्हणजे एकाच कढईतलं मलम. गिताबाईंच्या डबीत निर्मळ आणि तपासणीच्या बरण्यांत नासलेलं.

"आबांकडं येणं-जाणं असतं का कुणाचं?"

"कोन येनार बाई? कारभारीन सिंधूबाई गेली, मेंढरं इकली, पोरगं चाकनला. आता चार मेंढ्या हायेत नावाला. पर तुमचं हे मलमाचं सुरू झाल्यापून म्हातारा बदलला बघा. सकाळधरनं आंगन सारवतो स्वतःच्या हातानं. मानसं येनार म्हनून."

हौसराव फाटकापाशी उभे होते. उंच, वाळकुडे, डोक्याला लाल मुंडासं. सुलक्षणाला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला.

"ताई! आज कुनीकडं? घाणा तर झाला आपला."

"बोलायचं होतं आबा. बरण्यांत बुरशी आली."

"आली व्हय," ते म्हणाले. त्यांनी 'कशी' असं विचारलं नाही. "मग आता?"

"आता तिन्ही बॅच पुन्हा कराव्या लागतील. सलग तीन हव्यात ना."

"पुन्ना समदं करावं लागंल," हौसराव म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते दुःख नव्हतं. "करू की. त्याला काय. बसा, भाकरी खाऊन जावा."

त्यांनी तिला जेवायला वाढलं. ताटं दोनच होती, दोन्ही काशाची, जुनी, जड. एक सबंध काळपट पडलेलं. दुसरं तिच्यापुढं आलं, त्याचा मधला भाग मात्र लख्ख होता, तळहाताएवढा गोल, जणू कुणी त्यावर बराच वेळ हात घासत बसलं होतं.

जेवताना हौसराव बोलत होते. मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे त्या दिवसांचं, घाटातल्या धुक्याचं, सिंधूबाईंनी एकदा कोल्ह्याला कशी काठी घातली त्याचं. सुलक्षणा ऐकत होती. किती दिवसांनी कुणीतरी तिच्याशी कामाशिवाय बोलत होतं. भाकरी ऊन होती, तरी तिनं दुसरी नको म्हटली.

कारण ताटातला तो लख्ख गोल तिला एकसारखा दिसत होता.

५

दौंडला आल्यावर तिनं नासक्या मलमाकडं पुन्हा पाहिलं. बुरशी काढून टाकल्यावरही मलम पिवळं नव्हतं, राखाडी झाक मारत होतं. आधी तिला तो बुरशीचाच रंग वाटला होता.

तिनं मलम जाळून राख केली. राख आम्लात विरघळवून गाळली आणि त्यात अमोनियाचे थेंब सोडले. नळीत हलकी निळी छटा उतरली. तांबं. पहिल्या दोन बॅचच्या राखेत निळं काहीच उमटलं नाही.

काशात तांबं असतं. काशाच्या ताटात तूप किंवा तेल घालून तळहातानं घोटत राहिलं की ते करडं होतं, हे तिनं आईच्या तळपायांना काशाची वाटी घासताना कितीदा पाहिलं होतं. मेणाचं मलम असंच ताटात घेऊन, थोडं थोडं पाणी घालत चिकाटीनं घोटलं, तर ते पाणी मुरवून घेतं. वेळ लागतो. सवयीचा हात लागतो. मोनिकाजवळ सगळी भांडी स्टीलची होती, आणि सकाळी तिला वेळही नव्हता. रोहिदासच्या हातात सीलबंद बरण्या आल्या होत्या.

कसं झालं हे कळलं होतं. का झालं हे राहिलं होतं.

तिनं उलट बाजूनं विचार केला. ज्यानं हे केलं त्याला लोकांना अपाय करायचा नव्हता, नाहीतर गिताबाईंच्या डबीतही पाणी गेलं असतं. त्याला मलमाचं नाव खराब करायचं नव्हतं, नाहीतर पहिलीच बॅच बिघडवली असती. त्यानं फक्त तपासणीच्या बरण्या निवडल्या, त्याही शेवटच्या बॅचच्या. मग त्या नापास झाल्यानं नेमकं झालं काय? कुणाचं नुकसान झालं ते सगळे सांगत होते. पण कुणाला मिळालं काय?

बाहेरून मालगाडी गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि पुन्हा सगळं शांत झालं. त्या शांततेत सुलक्षणाला उत्तर सापडलं. ते तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

मलम नापास झालं की एकच गोष्ट घडते. सगळ्यांना पुन्हा निमोण्याला जावं लागतं.

६

बापूसाहेबांना तिनं फोन करून सांगितलं, मोनिकाला आणि रोहिदासला घेऊन निमोण्याला या. आणि स्वतः पहिल्या एसटीनं निघून त्यांच्याआधी पोचली.

हौसराव अंगण सारवत होते. तिला बघताच हात थांबले.

"आबा, काशाच्या ताटात घोटलंत ना?"

ते उकिडवेच बसून राहिले. हाताचं शेण वाळत होतं. मग म्हणाले, "तुमाला त्या ताटात वाढायला नगं व्हतं."

"वाढलं नसतंत तरी कळलं असतं."

"कळायचंच की. तुमी शिकलेली मानसं." ते जागचे उठले आणि ओट्यावर बसले. "ताई, पोरगं म्हनतं, चाकनला या. गेलो व्हतो. चौथ्या माळ्यावर घर. दार लावलं की मानूस संपला. परत आलो. हितं निदान वाट दिसती. पर वाटंनं कुनी येत न्हाई. मग तुमचं हे सुरू झालं. ती पोरगी यायची, आबा हे कसं, आबा ते कसं. रोहिदास यायचा. तुमी यायच्या. तिसऱ्या घाण्याआदी एकदा बापूसायेब आले आन् म्हनले, आबा, आता तुमी आराम करायचा, फुडचं समदं शिरूरला मशिनीत. समदे हासले. मी बी हासलो."

त्यांनी बोटांवरचं वाळलेलं शेण खरवडलं.

"रातच्याला बरण्या समोर ठिवल्या व्हत्या. म्हनलं, ह्या गेल्या की झालं. म्हनलं, अजून एक डाव. उन्हाळ्यापोत्तर तरी. मलम गावात कुनाच्या अंगाला लागनार न्हवतं, तेवढं बघितलं."

"मोनिकाला काढणार होते, आबा. चोर म्हणून."

हौसरावांनी झटकन वर पाहिलं. "कुनाला?"

"बरण्यांवर तिची सही होती."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. तो चेहरा सुलक्षणा पुढं कितीतरी दिवस विसरू शकली नाही. मलम नापास झालं की माणसं परत येतात, एवढंच त्या म्हाताऱ्यानं धरलं होतं. नापास झालं की कुणाला तरी धरतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

सुलक्षणा म्हणाली, "मी सांगू, की तुम्ही सांगता?"

हौसरावांनी हात धुतले. मुंडासं नीट केलं. आणि गाडीतून तिघं उतरताच बापूसाहेबांकडं न बघता ते सरळ मोनिकासमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, मी केलं. त्या बरण्यांत पानी मी घातलं."

मोनिकाला आधी समजलंच नाही. तिनं सुलक्षणाकडं पाहिलं, मग पुन्हा म्हाताऱ्याकडं. "तुम्ही? का पण, आबा?"

त्यांनी सांगितलं. सुलक्षणाला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात.

"म्हंजी मी इथं यावं म्हणून," मोनिका म्हणाली, तिचा आवाज चिरकला, "तुम्ही मलाच घालवायला निघाला व्हता! आठवडा झाला, घास उतरत न्हाई माझ्या घशाखाली. सायेब माझ्याकडं चोरासारखं बघतात. एकदा म्हणायचं तरी, पोरी, येत जा. आले असते की मी!"

मोनिका गाडीत जाऊन बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

बापूसाहेब मघापासून रुमालानं मान पुसत होते. रागवावं तर कुणावर, हेच त्यांना उमगत नव्हतं. मोनिकाचं नाव सगळीकडं खराब करायची भाषा करणारा माणूस तो, पण समोर खोक्यावरचा फोटो उभा होता.

"तिला काढू नगा सायेब," हौसराव म्हणाले. "मला काढा."

"तुम्हाला कुठनं काढू आबा?" बापूसाहेब हताशपणे म्हणाले. "तुम्ही कुठं कामाला हाय?"

मग बापूसाहेब गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक करून बंद दाराशी काहीतरी बोलले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं बराच वेळ लागला.

७

सुलक्षणानं रिपोर्टात जे होतं तेच लिहिलं. बरण्यांत पाणी मिसळलेलं आढळलं, बरण्या सील होण्याआधी ते मिसळलं गेलं, सील करणाऱ्याचा त्यात हात नाही.

मलम पुन्हा केलं गेलं. तीन घाणे, थंडी सरेपर्यंत. बरण्या आता मोनिका ओतल्या ओतल्या झाकून, गाडीत उभ्या ठेवून रात्री सोबतच घेऊन जायची. ती वेळेवर यायची, थर्मामीटर धरायची, कामापुरतं बोलायची आणि चहाला नको म्हणायची. हौसरावही तिला आग्रह करायचे नाहीत. पाला तळताना दोघं कढईच्या दोन बाजूंना उभे असायचे आणि तेलाचाच काय तो आवाज व्हायचा.

शेवटच्या घाण्याला पाला काळपट पडू लागला तशी मोनिका कढईत बघत म्हणाली, "आबा, अजून किती ठेवायचा?"

तिला ते कधीच पाठ झालं होतं. सुलक्षणाला ते ठाऊक होतं, हौसरावांनाही. म्हाताऱ्यानं झाऱ्यावर थोडा पाला घेतला, बोटांनी चुरून तिला दाखवला आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं सावकाश सांगितलं. ती ऐकून घेत होती.

तिन्ही बॅच उतरल्या. पास म्हणून सही करायची वेळ आली तेव्हा सुलक्षणाचं पेन कागदावर थोडं रेंगाळलं. मलम चांगलं होतं. सही केलीच पाहिजे होती, तिनं केली. शिरूरच्या टाक्यांवरचं प्लास्टिक निघालं आणि निमोण्याच्या वाटेवर गाडी जायची थांबली. मोनिका शिक्रापूरच्या कंपनीत गेली नाही. बापूसाहेबांनी तिला मलमाच्या विभागाची प्रमुख केलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सुलक्षणानं सकाळी भांडी घासली, कपडे वाळत घातले आणि दुपार समोर आली. अशा दुपारी ती एरवी खाली जाऊन उगाच काचेच्या नळ्या पुसायची. त्या दिवशी तिनं चपला घातल्या आणि स्टँडवर जाऊन न्हावऱ्याच्या गाडीत बसली.

हौसरावांच्या घराला कडी होती. ती फाटकाजवळच्या दगडावर टेकली. ऊन कलल्यावर लांबून चार मेंढ्या येताना दिसल्या, मागं लाल मुंडासं. तिला पाहून हौसराव वाटेतच थबकले. मेंढ्या पुढं आल्या, ते आले नाहीत.

"आता काय झालं वो ताई?" त्यांनी तिथूनच विचारलं. "ह्या डावाला बरण्यांना मी हात बी लावल्याला न्हाई. त्या पोरीला इचारा."

"माहीत आहे आबा. मलम चांगलं आहे."

"मग काय कागद-बिगद ऱ्हायलाय का सहीचा?"

"नाही."

ते जवळ आले. तिच्या हाताकडं पाहिलं, पिशवी नव्हती, बरण्या नव्हत्या. रस्त्याकडं पाहिलं, गाडी नव्हती.

"मग काय काम काढलं?"

एसटीत बसल्यापासून सुलक्षणा याच प्रश्नाचं उत्तर जुळवत होती. गिताबाईंची टाच बघायची होती, पाला कुठला ते विचारायचं होतं, असं बरंच काही तिनं तयार ठेवलं होतं. त्यातलं काहीच तिच्या तोंडातून निघालं नाही.

"काम काही नाही," ती म्हणाली. "बसायला आलेय."

हौसराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कडी काढली, दार सताड उघडलं, आत जाऊन घोंगडी आणली आणि ओट्यावर अंथरताना तिची सुरकुती दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले.